उजव्या सीटवरचे नाना

एप्रिल लागला की हैदराबादेत उन्हात उभ्या गाडीचं दार उघडणं हेही एक काम होऊन बसतं. दार उघडायचं, दोन पावलं मागे सरायचं, आतली धग आधी बाहेर पडू द्यायची आणि मग बसायचं. परवा नारायणगुड्यात भाजी घेऊन आले, दार उघडलं आणि मागे सरायला विसरले. तापलेल्या रेक्झिनचा, प्लॅस्टिकचा आणि कुठेतरी पेट्रोलचा असा मिळून एक भपकारा तोंडावर आला. माझी आताची गाडी अगदी साधी आहे. पांढरी, गियर आपोआप बदलणारी, कुणी वळून बघणार नाही अशी. पण वास तोच. पिशवी हातात धरून मी तशीच उन्हात उभी राहिले. समोरची भाजीवाली म्हणाली, "क्या हुआ अम्मा, चक्कर आरी क्या? बैठो जरा छांव में."

चक्कर आली नव्हती. तीस वर्षांमागचा एक उन्हाळा आठवला होता. तो आठवला की मला थोडा वेळ काही सुचत नाही, आणि स्वतःचा रागही येतो.

आम्ही तेव्हाही बरकतपुऱ्यातच राहायचो. सासरचं घराणं हैदराबादेत तीन पिढ्यांचं. एका पिढीनं निजामाच्या दफ्तरात नोकरी केली, पुढच्यांनी वकिली. मी पुण्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा या घरातली एक गोष्ट मला सगळ्यात आधी कळली, ती म्हणजे इथे कुणाला काही हवं नसतं. चहा हवा का, असं विचारलं तर 'चालेल' म्हणायचं. पंखा लावू का, तर 'लागला तरी हरकत नाही.' माझे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते तर जेवताना मीठ हवं असलं तरी बरणीकडे नुसतं बघत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. ते बघणं त्यांना कळत असणार. मला कळायला दोन वर्षं लागली.

अशा घरात माझ्या नवऱ्यानं, श्रीकांतनं, एका रात्री जेवताना जाहीर केलं की त्याला एक गाडी हवी होती, आणि ती त्यानं घेतली आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. देशाची दारं उघडली, असं रोज पेपरात येत होतं. त्या काळाबद्दल लोक आता अर्थशास्त्राच्या भाषेत बोलतात. मला मात्र ती वर्षं माणसांच्या तोंडी 'हवं' हा शब्द आला तेव्हाची म्हणून आठवतात. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना अचानक रंगीत टीव्ही हवा झाला. माझ्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंना बाटलीतला मँगो ज्यूस हवा झाला, घरात आंब्याची पाटी असताना. कुणाला त्यात लाज वाटेनाशी झाली. मला हे आवडत होतं की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पण श्रीकांतच्या चेहऱ्यावर त्या रात्री जो उजेड होता तो मी आधी कधी पाहिला नव्हता, एवढं खरं.

गाडी जपानी. दोन दारांची, बसकी, लांब नाकाची आणि लाल भडक. सौदीत बारा वर्षं काढून परत आलेल्या एका इंजिनियरनं ती जहाजातून आणली होती, आणि त्याच्या बायकोनं तीत बसायला साफ नकार दिला म्हणून शेडखाली झाकून ठेवली होती. श्रीकांत म्हणाला, "नाना, स्पोर्ट्स कार आहे." नानांनी घास थांबवून मनातल्या मनात भाषांतर केलं आणि विचारलं, "शर्यत कुणाशी आहे?"

शर्यत झालीच नाही. श्रीकांत कॉम्प्युटरवाला. सहा आठवड्यांत त्याला परदेशी एका वर्षाचं काम मिळालं आणि होळीच्या पुढच्या आठवड्यात तो विमानात बसला. ज्याला गाडी हवी होती तो गेला, आणि जिला नको होती तिच्या हातात किल्ली राहिली. जाताना तो दोन गोष्टी सांगून गेला. गाडी रोज चालली पाहिजे, उभी राहिली तर मरते. आणि काचीगुड्याच्या जब्बारभाईंशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही.

मी एका औषधांच्या कंपनीच्या नामपल्लीच्या ऑफिसात काम करायची. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं माझ्याकडे असत. तोवर बसनं जायचे. पुण्यात वडिलांची गाडी चालवलेली असल्यामुळे लायसन्स होतं, भीडही कमी होती. पण ही गाडी आखाती देशातली, म्हणजे स्टिअरिंग डाव्या हाताला. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायचं आणि आपण बसलेलो फुटपाथकडे! पुढे बस असली की तिच्या पलीकडून काय येतंय ते दिसायचंच नाही. नुसतं नाक बाहेर काढायचं म्हटलं तरी अर्धी गाडी रस्त्याच्या मध्यावर जायची. पहिल्या दिवशी मी चादरघाटपर्यंत एका बसच्या मागे रांगत गेले आणि ऑफिसला तासभर उशिरा पोचले.

संध्याकाळी मी नानांना म्हटलं, "नाना, ही गाडी विकून टाकू या. उजवीकडे बघायला माणूस असल्याशिवाय ही चालवता यायची नाही."

नाना सुपारी कातरत होते. म्हणाले, "मी आहे ना बाई. मला तसंही कोर्टात जायचंच असतं. तू चालव, मी बघतो."

तेव्हा नाना अडुसष्ट वर्षांचे होते. हायकोर्टात त्यांची दोनच कामं उरली होती, पण काळा कोट घालून रोज सायकलरिक्षानं निघायचे. दुसऱ्या दिवसापासून रिक्षा बंद झाली. त्यांना गाडीत बसवणं हा सोहळाच असे. त्यांचं दार रस्त्याकडे उघडणार, म्हणून मी आधी मागून येणाऱ्या सायकली थांबवायच्या. मग नानांनी फाइली आत ठेवायच्या, पाठ फिरवायची, देवाचं नाव घेऊन त्या बसक्या सीटवर स्वतःला सोडून द्यायचं आणि शेवटी दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. "हायकोर्टापुढे इतका वाकलो नाही कधी," असं ते दर सकाळी म्हणत, आणि दर सकाळी मला हसू येई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उंच गतिरोधक होता. दोघं बसलेले असलो की गाडीचं पोट त्याला खरडायचं. मग तिथे नाना पुन्हा उतरायचे, मी रिकामी गाडी तिरकी करून पलीकडे न्यायची आणि नाना चालत येऊन पुन्हा बसायचे. घरापासून पन्नास पावलांवर दोन वेळा चढण्या-उतरण्याची ही तऱ्हा बघायला गल्लीतली माणसं गॅलरीत येत.

पुढे बस आली की मी म्हणायचे, "नाना, बघा." रस्ता मोकळा असला की नाना म्हणत, "मंजूर." समोरून काही येत असलं की म्हणत, "तारीख." वकिलाच्या तोंडी दुसरं काय येणार. बरकतपुऱ्यापासून हायकोर्टापर्यंत दहा-बारा वेळा तरी हा खटला चाले. कोठीच्या गर्दीत लागोपाठ 'तारीख, तारीख' झालं की नाना स्वतःच वैतागून म्हणत, "काय की बाई, हे कोर्ट आज काही निकाल द्यायचं नाही."

बाकी वेळ त्यांच्यापुढे पेपर उघडलेला असे. त्यामुळे एकदा फार मजा झाली. चादरघाटच्या चौकात एका पोलिसानं शिटी फुंकली, धावत आला आणि उजव्या खिडकीत वाकला. जिथे स्टिअरिंग असायला हवं तिथे काळ्या कोटातले म्हातारे वकील, पेपरात डोकं घातलेले, आणि गाडी चाललेली! तो तेलुगू माणूस कळवळून म्हणाला, "एंटि सार, पेपर पढते पढते गाडी चलारे? घर में बैठके पढो ना!" नानांनी पेपर खाली ठेवला, दोन्ही हात वर करून दाखवले आणि अदबीनं म्हणाले, "हुजूर, मेरे हाथ में कुछ नै है. सरकार उधर बैठी." पोलिसानं वाकून माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा नानांकडे, आणि सलाम ठोकला. त्या दिवसापासून तो रोज आम्हाला सलाम करी. मला नाही, नानांना.

त्या महिन्या-दीड महिन्यात आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो तेवढं आधीच्या चार वर्षांत बोललो नव्हतो. घरात सासरे आणि सून एका खोलीत फार वेळ बसत नसत. गाडीत मात्र गुडघ्याला गुडघा लागायचा. नाना कोर्टातल्या जुन्या गोष्टी सांगत. सासूबाईंना एकदा सिनेमाला नेतो म्हणून सांगून ते अशिलाकडे गेले आणि विसरले, ही गोष्ट त्यांनी अफझलगंजच्या सिग्नलला सांगितली. सिग्नल सुटला तरी मी गाडी हलवली नाही, कारण नानांची गोष्ट संपली नव्हती. मागचे सगळे भोंगे वाजवत होते.

गाडीचे लाड तर विचारू नका. उन्हाळ्यात तिचा पारा आमच्या आधी चढायचा. तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला की एसी बंद करायचा, खिडक्या खाली करायच्या. तरी सरकला तर बाजूला घेऊन बॉनेट उघडून उभं राहायचं. डिकीत पाण्याच्या चार बाटल्या कायम असत. त्या गाडीला पाजायच्या, आम्हाला नव्हे. जब्बारभाईंचं गॅरेज काचीगुडा स्टेशनमागच्या बोळात होतं. मेंदी लावलेली दाढी, शांत बोलणं. ते म्हणायचे, "भाबी, इसकू गाली नक्को देना. गरम हुई तो दस मिनट खडे रैना, बात करना. अपने आप ठंडी होती." पुढे त्यांनी सीटखालच्या एका डब्याकडे बोट दाखवलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "इसका दिमाग इधर रैता. उसकू मैं भी हाथ नै लगाता."

गाडीबरोबर एक जाड पुस्तक आलं होतं, सगळं अरबी लिपीत. जब्बारभाईंना अक्षर लावता यायचं, अर्थ लागायचा नाही. नानांचं शिक्षण उर्दूतलं, फारसीही येत होती. मग एका रविवारी सकाळी गॅरेजच्या दाराशी, कोवळ्या उजेडात, दोघं म्हातारे स्टुलांवर बसले. जब्बारभाई अक्षर लावून मोठ्यानं वाचायचे, त्यातले निम्मे शब्द नाना ओळखायचे आणि उरलेले मी आकृत्या बघून जुळवायची. तीन तासांत आम्हाला एवढं कळलं की इंजिनातला एक दातेरी पट्टा बदलायची वेळ कधीच टळून गेली आहे, आणि तो तुटला तर गाडी संपली. त्या दिवशी नानांनी पुस्तक स्वतः हातात का घेतलं नाही, हे माझ्या मनातही आलं नाही. जब्बारभाईंचा मान राखतात, असं मला वाटलं.

पट्टा इथे कुठला मिळणार. पण मे महिना हा हैदराबादेत आखाती माणसांच्या रजेचा महिना. विमानतळावर दोरीनं बांधलेली खोकी, ब्लँकेटं, खजूर, अत्तर. त्यातच लोकांनी सांगितलेले सुटे भागही येत. आमचा पट्टा जब्बारभाईंच्या मेहुण्यानं दम्मामहून आणला, बहिणीसाठी घेतलेल्या साडीच्या घडीत घालून. पट्ट्याला आठवडाभर अत्तराचा वास येत होता आणि त्या साडीला, जब्बारभाईंच्या बायकोनं तक्रार केली, रबराचा.

मे लागला आणि हायकोर्टाला सुट्टी पडली. मला वाटलं, आता नाना घरी राहतील. पहिल्या सोमवारी खाली आले तर नाना पांढरा सदरा घालून, हातात पेपर घेऊन गाडीपाशी उभे.

"कोर्ट बंद आहे ना, नाना?"

"वाचनालय उघडं आहे. तिथे बसतो दिवसभर. येताना घेऊन ये."

नदीकाठच्या त्या मोठ्या वाचनालयापाशी मी त्यांना सोडायची. संध्याकाळी घ्यायला जायची तेव्हा ते पायऱ्यांवर येऊन बसलेले असत. आज काय वाचलं, असं विचारलं की म्हणत, "जुनंच." एकदा कसल्याशा सणानंतरच्या दिवशी पेपर आला नव्हता, तरी नानांच्या हातात पेपर होता आणि पान उलटलं जात होतं. तो आदल्या दिवशीचा होता. म्हाताऱ्या माणसाची सवय, असं मी मनाशी म्हटलं. माणसाला दिसायला लागलं की किती दिसतं, आणि बघायचंच नसलं की शेजारचा माणूसही दिसत नाही.

मे संपत आला होता. त्या दिवशी दुपारी ऑफिसात श्रीकांतचा फोन आला. तिकडे काम वाढलंय, आणखी वर्षभर तरी येत नाही, गाडी विकून टाक म्हणाला. मी अत्तराच्या वासाचा पट्टा आणि पाण्याच्या बाटल्या आठवून फोनवर भांडले. संध्याकाळी नानांना घेतलं तेव्हाही डोकं तापलेलंच होतं. सहा वाजले तरी ऊन पांढरंफटक होतं. चादरघाटाहून काचीगुड्याकडे रस्ता थोडा चढतो. पुढे एक बस धूर सोडत रखडत चालली होती आणि मी तिच्या अगदी शेपटाला चिकटलेली.

"नाना, बघा."

नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मंजूर."

मी गाडी बाहेर काढली. समोर ऑटो होता.

आमच्याकडचे ऑटोवाले तेव्हा उतार लागला की इंजिन बंद करून टाकायचे. तेवढंच पेट्रोल वाचायचं. तो ऑटोही तसाच, गुपचूप, वेगात उतारावरून येत होता. मी ब्रेक दाबला, त्यानं चाक फिरवलं. नानांच्या दाराला घासून, बाहेरचा आरसा उडवून तो पलीकडच्या मातीत जाऊन थांबला. आत एक बाई होती, मांडीवर मूल. मूल रडायला लागलं, आणि ते रडतंय हे ऐकून मला पहिल्यांदा श्वास घेता आला. कुणाला काही झालं नव्हतं.

ऑटोवाला धावत आला तो सरळ उजव्या खिडकीशी. त्यानं नानांच्या सदऱ्याची कॉलर धरली. "बुढ्ढे! दिखता नै क्या? आंखां फूटे तो गाडी कायकू चलाते तुम?"

मी ओरडून सांगणार होते की गाडी मी चालवतेय, त्यांना सोड. पण तेवढ्यात माझी नजर नानांकडे गेली. नाना त्याच्याकडे बघत होते. म्हणजे आवाज येत होता तिकडे तोंड करून बसले होते. कॉलर सोडवायचाही त्यांनी प्रयत्न केला नाही. म्हणाले, "हौ बेटा. नै दिखता."

ऑटोवाल्याचा हात ढिला पडला. त्यानं नानांच्या पुढ्यात बघितलं, तिथे स्टिअरिंग नव्हतं. पलीकडे मी दिसले. त्याला काय समजलं कोण जाणे. "कब से, बाबा?" त्यानं विचारलं.

"होली के पैले से."

"तो घर में बैठो ना बाबा," तो म्हणाला, अगदी हळू, आणि त्यांची कॉलर नीट करून निघून गेला.

घरापुढे गाडी उभी केली आणि मग मी जी सुटले! सासऱ्यांशी कोणी बोलू नये तशी बोलले. अडीच महिने तुम्ही न बघता मला जा म्हणून सांगत होता? ते मूल गेलं असतं तर? मी गेले असते तर तुमच्या मुलाला काय सांगितलं असतंत?

नाना सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "अगदी न बघता नाही. घरात, सावलीत थोडं दिसतं. उन्हात आलं की सगळं पांढरं होतं. पण कान चांगले आहेत, बाई. बस कोणती, लॉरी कोणती, इंजिनावरून कळतं. इंजिनच बंद ठेवून कुणी येईल, हे कामून डोक्यात आलं नाही, काय की."

"सांगायचं होतं ना मला!"

"सांगितलं असतं तर तू नेलं असतंस का? मला यायला हवं होतं. कोर्टात आता मला कोण विचारतं? ती दोन कामंही ज्युनियरच बघतो. तू 'नाना, बघा' म्हणायचीस. त्यासाठी सकाळी उठून तयार व्हायचो मी."

हवं होतं, असं त्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. माझा राग गेला नाही, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी इतकं दुखलं की मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. नाना उजव्या सीटवर बसून राहिले. दार उघडून उतरायला त्यांना माझी मदत लागणार होती आणि ते मागायला तयार नव्हते.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू काढता येईल, पण त्यामागे काचबिंदू आहे. एक डोळा त्यानं केव्हाच नेला, दुसऱ्यातलं उरलंय तेवढं थेंब घालून सांभाळायचं. गेलेलं परत येत नाही. नानांनी त्याच आठवड्यात ज्युनियरला बोलावून उरलेल्या फाइली दिल्या. गाडीत ते पुन्हा बसले नाहीत. मी म्हटलं, नुसते सोबतीला चला. म्हणाले, "नको बाई. काम असतं तर गोष्ट वेगळी."

गाडी मी विकली नाही. पुढे दोन वर्षं एकटीनं रोज चालवली, उन्हातही, पाणी साचलेल्या रस्त्यांवरही, आणि दारावरच्या त्या घासल्याच्या खुणेखेरीज तिच्यावर ओरखडाही उठला नाही. लोक म्हणत, डाव्या स्टिअरिंगची गाडी ही एकटी कशी चालवते! यापुढचं मात्र मी श्रीकांतलाही कधी सांगितलेलं नाही.

एकटीनं चालवायला मी नंतर शिकले नाही. आधीच शिकले होते. गाडी हातात आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात जब्बारभाईंनी एका दुपारी शेजारी बसून दाखवलं होतं. "भाबी, बस कू चिपको नक्को. चार गाड्यां की जगा छोडो पीछे. दूर से देखे तो सब दिखता." इतकं सोपं होतं ते. मागे राहायचं, अंतर ठेवायचं, की डावीकडे बसूनही समोरचा रस्ता उलगडतो. त्या दिवसापासून मी माझी मीच बघत होते. नानांना विचारायची ते केवळ त्यांना विचारलेलं आवडायचं म्हणून. दोन-तीनदा त्यांचं उत्तर चुकलं होतं. मी गियर अडकल्याचं सोंग करून थांबले होते आणि त्यांचं बोलण्यात लक्ष असेल म्हणून सोडून दिलं होतं. त्यांना वाटत होतं मला त्यांच्याशिवाय चालवता येत नाही, आणि मला वाटत होतं मी म्हाताऱ्या माणसाचं मन राखते आहे. त्यानंतरच्या अख्ख्या उन्हाळ्यात फक्त एका संध्याकाळी, फोनवरच्या भांडणानं डोकं फिरलेलं असताना, बसला चिकटून, मी त्यांना खरोखर विचारलं होतं.

म्हणजे चूक माझी होती. हे मी नानांना सांगू शकले असते. अनेकदा ओठांवर आलं. ते रात्री औषधाचे थेंब घालायला मान मागे टेकून बसायचे आणि म्हणायचे, "त्या मुलाचं रडणं अजून ऐकू येतं गं." एका वाक्यात मी त्यांना त्यातून सोडवलं असतं. पण ते वाक्य उच्चारायचं म्हणजे त्यांना सांगायचं की पहिले दोन आठवडे सोडले तर तुमचं कामच नव्हतं, मी तुम्हाला खेळवत होते. त्यांच्या अंगावरचा दोष काढून घ्यायचा तर त्यांचं शेवटचं कामही काढून घ्यावं लागणार होतं. मी गप्प राहिले. बरोबर केलं की नाही, हे इतक्या उन्हाळ्यांनंतरही मला ठरवता आलेलं नाही.

पुढे आठ-नऊ वर्षं नाना होते. घरी कुणी नवं माणूस आलं की ही गोष्ट निघायचीच. "माझ्या भरवशावर गाडी चालवायची ही," ते सांगायचे, "आणि मी हिला मारलंच असतं." सांगताना मान खाली जायची, पण 'माझ्या भरवशावर' म्हणताना त्यांचा आवाज कोर्टातल्यासारखा खणखणीत व्हायचा. पाहुणे माझ्याकडे बघायचे, मी काय म्हणते ते ऐकायला. नानाही आवाजाच्या दिशेनं तोंड वळवून थांबायचे.

"हो," मी म्हणायचे, "नाना नसते तर मला पुढचा रस्ताच दिसला नसता."